करपवलेला लसूण

“...आणि लसूण?”

“करपवते.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. आई करपवायची तेवढाच. एका अंगाने काळा, दुसऱ्या अंगाने तांबूस.”

“गुठळ्यो?”

“ठेवते. तीन-चार. आवळ्याएवढ्या.”

शेवंताबाय चुलीपुढे बसली होती. चुलीत जाळ नव्हता. तिने काटकीने राख उकरली, आत निखारा उरलाय का बघितलं. नव्हता. काटकी तिथेच टाकली.

“मगे पिठीत काय कमी आसा?”

“तेच विचारायला आलेय,” वैजयंती म्हणाली.

ती बावीस वर्षांनी या उंबऱ्यात आली होती. कुंभारखोलच्या बाहेर सातेरीचं देऊळ, देवळाच्या मागे प्रसादाचं स्वयंपाकघर, आणि त्याच्या एका कोपऱ्यात शेवंताबायचं बिऱ्हाड. एक चटई, एक ट्रंक, एक चूल. शेवंताबायने चाळीस वर्षं इथे समाराधनेचं जेवण रांधलं. पाचशे पानं उठली तरी तिचा पदर खांद्यावरून ढळला नाही. आता समाराधनेला तालुक्याहून केटरर येतो, टेम्पोतून जेवण उतरवतो आणि टेम्पोतूनच भांडी घेऊन जातो. तिची तांब्याची हंडी भिंतीशी पालथी पडली होती. तिच्यावर कोळ्यांनी जाळी केली होती आणि ती झटकायची तिला गरज वाटत नव्हती.

वैजयंती वयाच्या विसाव्या वर्षी इथे शिकायला आली, दोन वर्षं राहिली. राहिली म्हणजे राबली. डोळ्यांत धूर, पाठीत पळीचा दांडा. शेवंताबाय तोंडाने कमी शिकवायची, दांड्याने जास्त. पण एक गोष्ट तिने अशी शिकवली की ती पुढे सगळ्या पंचक्रोशीत कुणाला आली नाही. देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी रांधणाऱ्या बाईने जेवणाची चव घ्यायची नाही, हा देवळाचा नेम. मग पाचशे माणसांच्या आमटीत मीठ किती, हे कळायचं कसं? जिभेने नाही, हाताने. मूठ उचलली की मुठीला कळलं पाहिजे.

वैजयंतीच्या मुठीला ते कळलं. एकदा कळलं ते कळलंच. त्यानंतर आजपर्यंत तिच्या हातून मीठ चुकलेलं नाही.

जायच्या दिवशी तिने आमटी केली आणि शेवंताबायपुढे ठेवली. “काय कमी आहे?” तिने विचारलं होतं.

शेवंताबाय म्हणाली होती, “काय कमी नाय.”

तेवढ्यावर वैजयंतीने गाठोडं बांधलं आणि निघाली. पाया पडायलासुद्धा थांबली नाही. शाबासकी मिळाली, आता काय उरलं? कुडाळच्या रस्त्याला तिने खाणावळ काढली. नवऱ्याच्या नावावर नाही, भावाच्या नावावर नाही. लग्नच केलं नाही तर नवरा कुठून येणार? दारावर पाटी लावली, ‘दक्षिण कोकणी घरगुती जेवण’. आज तिथे दुपारची दोनशे माणसं जेवतात. काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळ्या, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे, उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी. मुंबईची माणसं गाडी थांबवून जेवतात आणि जाताना म्हणतात, अगदी आईच्या हातची चव. बाईला नाव मिळालं की तिचं नाक वर गेलं म्हणतात. पुरुषाचं गेलं की त्याला कर्तबगारी म्हणतात. वैजयंतीचं नाक वर होतं आणि ते तिने स्वतःच्या दोन हातांनी वर नेलं होतं.

आणि त्या नाकावर टिच्चून तिचा बाप नऊ दिवस जेवत नव्हता.

“बोर्ड लावलंस म्हणे,” शेवंताबाय म्हणाली.

“हो.”

“काय लिवलंस तेच्यार?”

वैजयंतीने सांगितलं.

“घरगुती...” शेवंताबाय पुटपुटली. तांदळातून खडा काढावा तसा तिने तो एक शब्द निवडून काढला, बघितला आणि टाकून दिला. “रोज सारखीच लागता तुझी पिठी?”

“रोज. सोमवारची आणि शनिवारची शेजारी ठेवा, ओळखता यायची नाही.”

“माका पुस्तकातला बोललेला कळत नाय गो. सारखीच लागता मां?”

“सारखीच.”

बाहेर देवळाच्या तळीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. पौषातला मळकट दिवस. ऊन होतं पण त्याला रंग नव्हता.

“बापूस कधीपासून जेवणा नाय?”

तेव्हा वैजयंतीने सगळं सांगितलं. उभ्याने सांगायला लागली होती, शेवंताबायने बोटाने जमीन दाखवली तशी खाली बसली. एवढ्या वर्षांत तिला असं बोटाने कुणी बसवलं नव्हतं.

आई पाच महिन्यांपूर्वी गेली. सकाळी पेज रांधून, बाबांना वाढून, पाठ टेकते म्हणाली ती उठलीच नाही. घरात बाबा, वैजयंती, भाऊ दिगंबर, भावजय आणि त्यांच्या दोन मुली. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका पंगतीला बसून करायचं, हा त्या घराचा रिवाज. आईने तो पन्नास वर्षं चालवला. आई गेल्यावर बाबा म्हणायला लागले, मला भूक नाही, तुम्ही बसा. वैजयंती म्हणाली, असं कसं? दोनशे माणसांना जेवू घालणारी मी, माझ्याच घरचं एक पान रिकामं राहणार? तिने खाणावळ बायकांवर सोपवली, संध्याकाळी लवकर घरी यायला लागली आणि आईची चूल हातात घेतली.

बाबांना सगळ्यात प्रिय काय? पिठी आणि उकडा भात. ताटात भाताचं आळं करायचं, त्यात गरम पिठी ओतायची, वर खोबरेल तेलाचे चार थेंब, बाजूला भाजलेला सुका बांगडा. दुसरं काही नको. आजारपणात तेच, सणात तेच, भांडणात तेच. आईशी अबोला धरायचे तेव्हासुद्धा पिठीशी धरायचे नाहीत.

मग वैजयंतीने पिठी केली. पहिली जमली नाही. म्हणजे पिठी म्हणून फक्कड, पण आईची नव्हे. तिने बदलली. दुसरी केली. तिसरी केली. तीन महिने ती रोज एकच पदार्थ करत होती आणि रोज आईच्या एक पाऊल जवळ जात होती. आईने भाजून दळून ठेवलेलं कुळथाचं पीठ बरणीत होतं, तेच वापरलं. आईची करवंटीची डवली होती, तिनेच वाढलं. लसूण करपवला. गुठळ्या ठेवल्या. कोकमाची सोलं आईच्या मापाने घातली. दोनशे माणसांना गुळगुळीत पिठी वाढणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताला वळण मोडायला शिकवलं. हे सोपं नसतं. ज्याने कधी हाताला वळण लावलं नाही त्याला ते कळायचं नाही.

आणि नऊ दिवसांपूर्वी ती जमली. तंतोतंत जमली. दिगंबर घास घेऊन तसाच बसला आणि त्याचे डोळे भरून आले. मुली म्हणाल्या, आज्येची पिठी. भावजयीने, जी वैजयंतीला कधी बरं म्हणत नाही, तिनेही बोटं चाटली.

“आणि बापूस?”

“बाबांनी पहिला घास घेतला...” वैजयंती थांबली.

“घेतल्यान. मगे?”

“स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. म्हणाले, ‘आयकलंस?’”



त्या पिढीतला नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. पन्नास वर्षांच्या संसारात बाबांनी आईचं नाव एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. काही हवं झालं, नको झालं, पाऊस आला, पाहुणा आला, ‘आयकलंस?’ एवढीच हाक. आणि आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची.

“मगे?”

“मग मी आले बाहेर. काय हवं बाबा, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे... बराच वेळ बघितलं. मग ताटातच हात धुतला.”

“भरल्या ताटात?”

“भरल्या ताटात. तेव्हापासून ताटावर बसलेले नाहीत. दोन घोट चहा, पेजेचं पाणी. बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतो अजून चार दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालू.” तिचा आवाज चढला. “मी सगळं केलं. एक गोष्ट सोडली नाही. मग काय कमी पडलं? तुम्ही एवढं सांगा. तुम्हाला आईची पिठी माहीत आहे.”

ते खरं होतं. वैजयंती इथे शिकत होती तेव्हा दर मंगळवारी आई चार मैल चालत यायची. कडीच्या दोन डब्यांत पिठी-भात. एक लेकीला, एक शेवंताबायला. आत ये म्हटलं तर यायची नाही. देवळाचं सोवळं, माझा रस्त्याचा पाय, म्हणायची. या दारातच चौकटीला धरून उभी राहायची, डबे रिकामे होईपर्यंत. मग रिकामे डबे घेऊन चार मैल परत.

“कर,” शेवंताबाय म्हणाली.

“इथे?”

“मगे खंय?”

वैजयंती तयारीनेच आली होती. तिने पिशवी उघडली. पुरचुंडीत आईचं पीठ, बरणीच्या तळाचं, शेवटचं. फडक्यात गुंडाळलेली डवली. लसूण, मिरच्या, सोलं, खोबरं. चूल पेटवायला वेळ लागला. लाकडं दमट होती, धूर झाला. शेवंताबायने मदत केली नाही. भिंतीला टेकून ती बघत होती. बावीस वर्षांपूर्वी बघायची तशीच, मांडीवर हात, नजर हातांवर.

तेल तापलं. लसूण पडला. वैजयंती वाट बघत उभी राहिली. एक अंग तांबूस झालं, तिने हलवलं नाही. काळं झालं. मग पाणी. उकळी आली तसं पीठ एका हाताने सोडलं, जरा घाईने, म्हणजे गुठळ्या धरतील. सोलं टाकली. मिठाची चिमूट घेतली, चिमटीतून चार कण परत टाकले, उरलेलं सोडलं. चव घेतली नाही. गरज नव्हती.

भात शेवंताबायच्याच मडक्यात होता, सकाळचा. ताटात आळं केलं. डवलीने पिठी ओतली. ताट पुढे ठेवलं.

आणि थांबली. इतक्या वर्षांनी, या बाईच्या पुढे ताट ठेवल्यावर आपल्याला तशीच वाट बघावी लागते, याचा तिला राग आला.

शेवंताबायने घास कालवला. तोंडात घेतला. तिला दात नव्हते. हिरड्यांनी सावकाश घोळवला, गिळला.

मग तिने मान वळवली आणि दाराकडे बघितलं.

बघत राहिली.

हात ताटातच होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती वाट होती. कुणाला उशीर झाला की बघतात तसं.

वैजयंतीनेही दाराकडे बघितलं.

चौकट होती. चौकटीपलीकडे रंग नसलेलं ऊन. तळीवरची बाई कपडे पिळून निघून गेली होती.

“कोण येतंय?” वैजयंतीने विचारलं.

“कोण नाय.”

शेवंताबायने मान पुन्हा ताटाकडे वळवली. ताट हळूच बाजूला सरकवलं.

वैजयंतीच्या अंगावर काटा आला. पण ती वैजयंती होती. काट्यावर तिने राग पांघरला. “पुरी जेवा तरी. एका घासात काय कळतं? काय कमी आहे ते सांगा.”

“काय कमी नाय.”

तेच वाक्य. तोच आवाज. बावीस वर्षांपूर्वी याच वाक्यावर ती तरंगत घरी गेली होती. आज ते तिच्या पुढ्यात पडलं आणि तिला ते उचलता येईना.

चुलीतलं ओलं लाकूड सूं सूं करत राहिलं.

“आदी बापूस जेवायचो काय?” शेवंताबायने विचारलं. “तीन महिने तू करत होतंस, जमत नव्हती. तेव्हा जेवायचो?”

“जेवायचे. पण नावं ठेवत.”

“काय म्हणायचो?”

वैजयंतीला ते सांगणं आवडलं नाही. कुणाला आवडेल? पण सांगितलं.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, लसूण पांढरा राहिला. ही काय पिठी? तुझ्या आईचा करपलेला असायचा. का माहीत आहे? बाबा एसटीवर ड्रायव्हर होते. सावंतवाडीहून यायची त्यांची गाडी घराच्या वळणावर आली की ते हॉर्न वाजवायचे. दोनदा, लांब. आई तेलात लसूण टाकून उभी असायची. हॉर्न ऐकला की पळी टाकून दारात. गाडी नजरेआड होईपर्यंत आत यायची नाही. तोवर लसूण करपायचा. रोज करपायचा. बाबा म्हणाले, मी एकदा बोललो तिला, आधी गाडी बघ, मग फोडणी घाल. तर म्हणाली, मग तुम्हाला वेळेत कशी मिळायची? आणि बाबा हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा.

“ह्या तुका सांगल्यान?”

“सांगितलं. मग मी दुसऱ्या दिवशी लसूण करपवला.”

“मगे?”

मग बाबा म्हणाले, गुठळी नाही. खाणावळीतली पिठी ही, ताटात पळते. तिच्या पिठीत गुठळ्या असायच्या, कारण गाडी स्टँडवर लावून मी घरी यायचो तेव्हा माझ्याकडे वीस मिनिटं असायची. जेवायला आणि परत जायला. ती पीठ घाईने सोडायची. एकदा गुठळी फोडली तर आत कोरडं पीठ, माझ्या मिशीवर उडालं, मी तसाच गाडीवर गेलो, बांद्यापर्यंत सगळे पॅसेंजर हसत होते. हे सांगताना बाबांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“मग मी गुठळ्या ठेवल्या,” वैजयंती म्हणाली. “सोलं कमी म्हणाले, वाढवली. मिरची भाजून नको म्हणाले, उभी चिरली. रोज काहीतरी काढायचे. तुझ्या आईचं असं, तुझ्या आईचं तसं. दिगंबर म्हणायचा, बाबा, ती एवढी राबते, जेवा गप्प. गप्प कुठले? ताट संपेपर्यंत आईच. मुलींना तर सगळं पाठ झालं होतं.”

“आणि भात कितीदा घेयचो?”

“दोनदा. कधी...”

तिचं वाक्य तिथेच राहिलं.



वैजयंतीने डवलीकडे बघितलं. करवंटी आतून काळी झाली होती, कडेला एक जागा आईच्या अंगठ्याने झिजून चपटी झाली होती. तीन महिने ती डवली तिच्या हातात होती आणि तिने अंगठा बरोबर त्याच जागी ठेवला होता. तेसुद्धा सोडलं नव्हतं.

“शेवटच्या दिवशी काय नाव ठेवल्यान?” शेवंताबाय म्हणाली.

“काही नाही.”

“काय नाय म्हणजे काय?”

“काहीच नाही. ठेवायला काही उरलंच नव्हतं.”

हे तिच्याच तोंडून बाहेर पडलं, तिच्याच कानांनी ऐकलं. आईला जाळून आले त्या दिवशी ती रडली नव्हती. लोकांचं चहापाणी बघत होती. आताही रडली नाही. फक्त पदराने ताटाची कड पुसली. तिथे काही सांडलं नव्हतं.

बाहेर ऊन आणखी फिकट झालं. देवळातून घंटेचा एकच टोल आला. कुणीतरी येऊन, वाजवून, गेलं असावं.

“मी वाईट करायला शिकले नाही,” वैजयंती शेवटी म्हणाली. “तुम्हीच शिकवलं नाही. या हाताने आजवर कुणाला बिघडलेलं वाढलं नाही. पाटी आहे माझी रस्त्यावर. लोक काय म्हणतील ते जाऊ दे, बाबा... बाबांनी एकदा म्हणावं, पोरी, बरी झाली. एवढंच. आईला म्हणायचे. मला कधी नाही. एवढ्यासाठीच केलं सगळं.”

“माका ठावक आसा.”

“मग?”

शेवंताबायने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत माया नव्हती आणि दांडाही नव्हता.

“बापूस जेवक व्हयो, काय पिठी जमाक व्हयी?”

बाप जेवायला हवा, की पिठी जमायला हवी. प्रश्न सोपा होता. वैजयंतीला उत्तर द्यायला फार वेळ लागला, आणि त्या वेळाची तिला पुढे आयुष्यभर लाज वाटली.

“बाबा,” ती म्हणाली.

शेवंताबायने हात लांब करून पातेलं ओढलं. उरलेली पिठी, आईच्या पिठाची शेवटची, तिने चुलीतल्या लाकडावर ओतली. फस्स झालं. धुराचा लोट उठला, करपलेल्या लसणाचा वास खोलीभर झाला आणि विरत गेला. वैजयंतीचा हात पुढे गेला होता, तो तसाच हवेत राहिला.

“पीठ तुझा तू दळ,” शेवंताबाय म्हणाली. “आणि उद्या मीठ इसर.”

वैजयंतीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. याच खोलीत, याच बाईने, मुठीला मीठ कळेना म्हणून तिला तीन दिवस उपाशी ठेवलं होतं.

“मीठ विसरू?”

“इसर.”

“सगळं?”

“सगळा.”

चूल पुरती विझली. वैजयंतीने डवली फडक्यात गुंडाळली. पिशवीत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. उठली. आणि या खेपेला वाकली. कपाळ शेवंताबायच्या पायाला लागलं तेव्हा ते पाय थंड होते, राखेने पांढरे झालेले. कुणी डोक्यावर हात ठेवला नाही. तिनेही वाट बघितली नाही.

दारात पोचल्यावर तिने चौकटीला हात लावला. आई धरायची तिथेच.

तिथूनच, मागे न वळता, ती बोलली. बोलताना पुस्तकातली भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“तो म्हणतलो, तुझ्या आवशीच्या नखाची सर नाय तुका.”

“म्हणतलो.”

“रोज म्हणतलो.”

“रोज.”

“...मगे?”

आत शेवंताबायने काटकीने राख उकरली.

“मगे आणखी एक डवली वाढ.”